वैद्यांच्या सभेतलं कुशल

डोंगरांमागे डोंगर असलेल्या एका मोठ्या रानात एक घोरपड राहत असे, आणि ती वैद्य होती. हसू नका, मुलांनो! त्या रानात प्रत्येक डोंगराला आपला वैद्य असे. कुठे साळिंदर, कुठे टिटवी आणि सगळ्यांत वरच्या डोंगरावर अस्वल. कुणाचं पोट दुखलं, कुणाच्या पायात काटा मोडला, की पहिली धाव आपल्या वैद्याकडे. या साऱ्या वैद्यांचं मिळून एक मंडळ होतं. दर पौर्णिमेला सकाळी ते एका बेहड्याच्या झाडाजवळ जमत. मुख्य वैद्य मधल्या काळ्या कातळावर बसे आणि मंडळाचा कारभारी कोल्हा एकेकाला विचारी, "काय खबर?" उत्तर ठरलेलं असे : "सगळं कुशल!" दुसरं काही बोलणं म्हणजे मुख्य वैद्याचा अपमान, अशी रीतच पडली होती. ती पाडली कुणी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रीती अशाच पडतात, आणि मग त्या उचलायला कुणी वाकत नाही.

त्या वर्षी मुख्य वैद्य म्हणून घोरपडीची निवड झाली. कोल्ह्यानेच तिचं नाव पुढे केलं होतं. "बिचारी कमी बोलते, कुणाला ताप नाही," असं तो म्हणाला होता. घोरपड एकदा धरलं की सोडत नाही, हे हा शहाणा विसरला!

उन्हाळा होता. घोरपडीच्या डोंगरावर एका हरिणीची दोन पाडसं जुलाबाने आजारी पडली. घोरपडीने कुड्याची साल उगाळून दिली आणि हरिणीला बजावलं, "ओढ्याचं पाणी भरपूर पाज." उपाय नेहमीचा होता, पण गुण येईना. एक पाडस गेलं. दुसरं मान टाकून पडलं. पौर्णिमेच्या सकाळी हरिणी म्हणाली, "मावशी, आता तू सगळ्या वैद्यांची मोठी. त्यांना विचार ना गं, कुणाला काही ठाऊक आहे का. माझं हे एक तरी वाचव." घोरपडीने पाडसाच्या कपाळावर पंजा ठेवला. ती म्हणाली, "विचारते. उत्तर घेतल्याशिवाय परत येत नाही."

सभा भरली. कोल्ह्याने शेपटी झटकून विचारलं, "काय खबर?" साळिंदर म्हणालं, "सगळं कुशल." टिटवी म्हणाली, "सगळं कुशल." अस्वल जांभई देत म्हणालं, "सगळं कुशल." कोल्हा खूश होऊन म्हणाला, "वा! सभा संपली." तोच कातळावरून आवाज आला, "संपली नाही. मला कुणी विचारलंच नाही."

मुख्य वैद्याला कधी कुणी विचारत नसे. कोल्हा गडबडला. घोरपड म्हणाली, "माझ्या डोंगरावर कुशल नाही. माझ्या हाताखाली एक पाडस मेलं. का मेलं ते मला कळलं नाही. दुसरंही त्याच वाटेवर आहे. तुमच्याकडे असं कुणी आजारी आहे का?"

कोल्हा धावत तिच्या कानाशी लागला. "वैद्यबाई, अहो, काय हे! झाकली मूठ सव्वा लाखाची. मुख्य वैद्यच असं बोलायला लागले, तर मंडळाची अब्रू काय राहील?"

"पाडस राहिलं तर अब्रू राहील," घोरपड म्हणाली. "खरं कळेपर्यंत ही सभा उठणार नाही." आणि तिने चारही पंजांची नखं कातळात रुतवली.

ऊन चढलं. कोल्ह्याची जीभ बाहेर आली, टिटवी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. घोरपड मात्र तापल्या कातळावर स्वस्थ. उन्हाने घोरपडीला धाक घालायचा म्हणजे माशाला पाण्याची भीती दाखवायची! शेवटी साळिंदर पुढे आलं. ते रडवेल्या आवाजात म्हणालं, "माझ्याकडे डुकराची पिल्लं गेली. मला वाटलं, माझंच औषध चुकलं. सांगू कुणाला?" टिटवी लगेच म्हणाली, "माझ्याकडेही सशांचं तेच चाललंय! तुम्ही सगळे कुशल म्हणता, मग मी एकटीच कशी वाईट ठरू?"

आता सगळे अस्वलाकडे वळले. ते म्हणालं, "माझ्याकडे खरंच कुणी नाही."

"चल, खोटारड्या!" टिटवी ओरडली.

"अगं टिटवीताई, आईशप्पथ नाही! आणि असेल कसं? तुम्ही सगळे ओढ्याचं पाणी पिता. आम्ही वर राहतो, कपारीतल्या झऱ्याचं पितो."

घोरपडीची नखं कातळावरून सुटली. ओढा! याच ओढ्याच्या पाण्यात साल उगाळली होती, हेच पाणी भरपूर पाज म्हणून बजावलं होतं. सारे ओढ्याच्या काठाने वर धावत सुटले. केवड्याच्या बनामागच्या डोहात एक मेलेलं रानडुक्कर सडत पडलं होतं. वास असा, की कोल्ह्यालाही नाक धरावं लागलं.

घोरपड तशीच हरिणीकडे गेली. "बाई, दोष पाण्यात होता. ते पाज म्हणून मीच सांगितलं होतं. तुझं लेकरू माझ्या सांगण्याने गेलं."

हरिणीने पाडसाला जवळ ओढलं. मग म्हणाली, "माझा राग आहे तुझ्यावर, मावशी. तो राहील. पण आधी सांग, चांगलं पाणी कुठं आहे?"

अस्वलाने पाडसाला पाठीवर घेतलं. हरिणी अस्वलाच्या मागोमाग चढली. झऱ्याचं पाणी मिळालं आणि काही दिवसांत पाडसाने कान हलवले, मग उठून आईला ढुशी दिली. इकडे गव्यांनी मेलेलं रानडुक्कर शिंगांनी डोहाबाहेर ओढून काढलं. जोराचा पाऊस पडून ओढा धुऊन निघेपर्यंत त्याचं पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही, असं मंडळाने ठरवलं.

पुढच्या पौर्णिमेला पुन्हा सभा भरली. कोल्ह्याने सवयीने साळिंदराकडे तोंड केलं, मग जीभ चावली आणि कातळाकडे वळून विचारलं, "वैद्यबाई, आधी तुम्ही सांगा. काय बिघडलं?" घोरपडीने आपल्या डोंगरावरचं सगळं सांगितलं, हरिणीच्या गेलेल्या लेकरासकट. मागोमाग साळिंदर बोललं, टिटवी बोलली. शेवटी अस्वलाची पाळी आली. ते म्हणालं, "माझ्याकडे सगळं कुशल."

आणि या वेळी त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

तात्पर्य : जिथे मोठाच आपली चूक आधी सांगतो, तिथेच बाकीचे खरं बोलतात, आणि जिथे वाईट बातमी सांगायची सोय असते, तिथल्याच चांगल्या बातमीला किंमत असते.