आवा कोण उघडणार?

धारपूरचे लोक माठ आणायला नदीपलीकडच्या वेणापुरात जाऊ लागले आणि राजा गजसेनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याच्या राज्यात गिऱ्हाईक म्हणजे देव. माठ गळला तर कुंभाराने बदली दोन द्यायचे, असा कायदाच होता. वेणापुरात असलं काही नव्हतं. तिथे एवढंच, की माठ भाजून झाले की आवा, म्हणजे माठांची भट्टी, निवेपर्यंत दोन दिवस कुंभारांना सुट्टी! हे ऐकून राजा म्हणाला, कामचुकारांचं राज्य. धारपुरात माठ भाजले की त्याच दिवशी बाजारात गेले पाहिजेत, असा दंडक होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! गरम आव्यातून ओढलेले माठ तडकायचे. गिऱ्हाइकाला एकाचे दोन मिळायचे आणि दोन्ही गळायचे.

शेवटी राजाने सटवाजी कुंभाराला बजावलं, की उद्या दुपारपर्यंत न गळणारा माठ आण, नाहीतर चाक जप्त आणि तू राज्याबाहेर. सटवाजीचा आवा नुकताच भाजून झाला होता, धगधगत होता. बिचारा डोक्याला हात लावून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी तानी रिकाम्या हातांनी दरबारात गेली.

"माठ कुठाय?" राजाने दरडावलं.

"आव्यात आहे, महाराज. पण एवढ्या मानाचा माठ आम्ही कसा काढावा? पहिला हात तुमचाच लागला पाहिजे."

राजा खूश झाला. सगळा दरबार घेऊन कुंभारवाड्यात आला. राख बाजूला सारून त्याने आत हात घातला मात्र, आणि चार पावलं मागे उडाला.

"अगं, केवढी धग ही! निवू दे आधी."

"किती वेळ, महाराज?"

"दोन दिवस लागले तर लागोत. तोवर कुणीही हात लावायचा नाही."

तानी चिटणिसांकडे वळली. "काका, लिहून घ्या. वेणापूरचा कायदा आजपासून धारपुरातही लागू. महाराजांनी स्वतः पाळून दाखवला!"

राजाने आव्याकडे पाहिलं, मग आपल्या लाल झालेल्या बोटांकडे.

"लिहा," तो म्हणाला. "पण पोरी, एकाला दोन माठांचा आमचा कायदाही राहील हं."

"राहू द्या की, महाराज. आता दुसरा माठ द्यायची वेळच कुणावर येणार नाही."

राजा पोट धरून हसला. हसता हसताच त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तानीला दिलं. ते तिच्या मनगटाला फार सैल झालं, म्हणून तिने दंडात चढवलं आणि बापाला हाक मारायला घरात पळाली.