आईच्या मुठीची सुई

एकदा एक वृद्ध कारागीर होते. गाव कोणते ते विचारू नका; भर दुपारीसुद्धा जिथे धुके रेंगाळते, असे काहीसे समजा. ते पेरूच्या लाकडातून क्रोशाच्या सुया कोरत. अंगणात लाकडाची सालपटे कुरळी होऊन पडत आणि वारा आला की हळूच सरकत. तिथे बसले की किती वेळ गेला हे कळत नसे.

सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांच्याकडे कुमुद शिकायला आली होती. तिला धंदा करायचा नव्हता. तापानंतर तिच्या आईच्या बोटांचे सांधे आखडले होते. जिने आयुष्यभर तोरणे आणि रुमाल विणले, ती बाई आता हात पदराखाली लपवून बसे आणि हळूहळू बोलणेही सोडत चालली होती. बाजारातल्या बारीक सुया तिच्या हातून निसटत. आईने पुन्हा विणावे, एवढेच कुमुदचे मागणे होते.

पोर मोठी जिद्दीची! सहा महिने खपून तिने अशी सुई घडवली की बघत राहावे. खाचेच्या कडेवर रेशमाचा तंतूही ओरखडत नव्हता. दांडा तर जवसाचे तेल पिऊन गुळगुळीत झालेला. आईने ती हातात घेतली, दोन टाके घातले आणि खाली ठेवली. "छान आहे गं," एवढेच म्हणाली. बाबांना हे सांगताना कुमुदला रडू आवरेना.

बाबांनी सुई उजेडात फिरवून पाहिली. मग काय केले असेल? ओल्या मातीचा गोळा उचलला आणि त्या देखण्या दांड्यावर सरळ थापला!

"अहो बाबा, हे काय आरंभलंत?" कुमुद ओरडलीच.

"ही आईला दे. एक ओळ विणू दे. माती वाळली की माझ्याकडे आण."

दुसऱ्या दिवशी ती सुई घेऊन आली. वाळलेल्या मातीत चार बोटांचे खोल ठसे होते. अंगठ्याचा मात्र नव्हता.

"तिचा अंगठा वळतच नाही, बाबा," कुमुद हलक्या आवाजात म्हणाली. "ताकाची रवी धरावी तशी मुठीत धरते ती सुई. मला ठाऊकच नव्हतं."

"कसं असणार? सहा महिने तू रोज सुई पारखलीस, ती स्वतःच्या हाताने. तुझ्या बोटांना जे सुखाचं वाटलं, तेच आईलाही वाटेल असं धरून चाललीस. माया खरी होती गं, पोरी. पण झाकलेला हात तिला दाखवायला लावणं तुला जड गेलं, म्हणून तू लाकडाकडे बघत बसलीस. आता त्या हाताजवळ बस."

कुमुदने नवा, जाड दांडा घेतला आणि आईच्या शेजारी बसूनच कोरला. "इथे रुततं? आणि इथे?" असे विचारत तिने आईचा हात तापानंतर पहिल्यांदाच आपल्या हातात धरला. सुई वाकडीतिकडी झाली, अगदी ओबडधोबड.

तिसऱ्या दिवशी, उतरत्या उन्हात, आईने साखळीचे टाके घातले. मग त्यांवर खांबाचा एक उभा टाका. मग दुसरा. कुमुद श्वास रोखून समोर बसली होती.

"कुमे," आई खेकसली, "उजेड काय अडवतेस? हो की बाजूला!"

कुमुद बाजूला सरकली. किती दिवसांनी आई तिच्यावर ओरडली होती!