घडी न मोडलेला संग्रह

“नवी सून आहे, तोंडातून शब्द निघायचा नाही. यादीवर सही घ्या नि मोकळे व्हा,” वाचनालयाचे अध्यक्ष दादासाहेब दाराआड चिटणिसांना सांगत होते. देणगीची पुस्तकं तपासून घ्यायला बसलेल्या नव्या ग्रंथपाल वृंदाने ते ऐकलं आणि पुढचं खोकं उघडलं. सकाळपासूनचं हे सातवं.

दादासाहेबांनी आपला ‘खासगी संग्रह’ दिला होता. अट एकच, एकही पुस्तक नाकारायचं नाही. जागेसाठी मुलांच्या गोष्टींचं कपाट रिकामं करायचं ठरलं होतं. खोक्यांतून मात्र सत्कारांत मिळालेली पुस्तकंच निघत होती, सगळी चकचकीत कागदात जशीच्या तशी गुंडाळलेली.

दादासाहेब आत आले. “काय सूनबाई, झाली का सही? की आमच्या देण्यात खोट काढताय?”

वृंदाची पाठ भरून आली होती. लग्नाला दोन महिने झाले होते, आणि दोन महिने ती सगळ्यांना ‘हो’च म्हणत आली होती.

“खोट कसली, काका? लग्नात मला अकरा साड्या आल्या. सासूबाईंनी त्या तशाच कपाटात ठेवल्या. म्हणाल्या, या देण्याघेण्याच्या, आपण नेसायच्या नाहीत. तुमची पुस्तकं बघून त्याच आठवल्या. वाचनालयात मात्र नेसायच्याच ठेवतात, म्हणजे वाचायची पुस्तकं. यातल्या एका तरी पुस्तकाची घडी तुम्ही मोडलेली दाखवा, मुलांचं कपाट मी आत्ता रिकामं करते.”