अडलेला शब्द

“तिन्ही पोरांना भर परिपाठात माफी मागायला लावली, अक्का. आता याहून जास्त काय करायचं हो मी?”

नलवडे सरांनी विचारलं खरं, पण उत्तरासाठी थांबतील ते हेडमास्तर कसले! प्रश्नही आपला आणि उत्तरही आपलंच, ही जुनी खोड.

“शिस्तीत कसूर नाही माझी. वर्गावर्गात कॅमेरे आहेत, तक्रारपेटी आहे...”

हिरण्यकेशी नदीच्या काठी चंद्राक्कांचा छोटासा मठ आहे. अक्का ऐंशीच्या पुढच्या. ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“झालतं काय, ते तर सांगा.”

“एक मुलगी आहे सातवीत. बोलताना अडखळते. ही पोरं तिची नक्कल करायची. व्हिडिओ काढून वर्गाच्या ग्रुपवर फिरवला.”

एक मुलगी, म्हणे! अहो, ती सरांची स्वतःची केतकी होती. पण जिल्हाभर भाषणं ठोकणाऱ्या माणसाची लेक बोलताना अडखळते, हे काही त्यांच्या तोंडून निघेना.

“मग पोरांना स्टेजवर उभं केलं. तिलाही वर बोलावलं. पोरांनी माफी मागितली. तिला म्हटलं, आता तू माइकवर सांग, मी माफ केलं म्हणून.”

अक्कांचे हात थांबले.

“आणि?”

“अडकली. ‘मी’च्या पुढं जाईचना. मी माइक आणखी जवळ धरला. ‘बोल, बोल, घाबरू नकोस’ म्हटलं, आणि... सगळी शाळा हसली.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तेवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण आपलं चांगलं काम लोकांना कळायला नको का? सरांनी कार्यक्रमाचं शूटिंग करवून पालकांच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळच्या आत कुण्या कार्ट्यानं तेवढाच तुकडा कापला आणि ढोलकीचा ठेका लावून फिरवला.

तेव्हापासून केतकी शाळेत गेली नव्हती. घरातही बोलत नव्हती. पाणी हवं असलं तरी तांब्याकडं बोट दाखवायची. लेक घरात असून घर मुकं झालं होतं, आणि सरांचं काळीज तीळ तीळ तुटत होतं.

“पोरं हसायच्या आधी कुणाकडं बघत होती?” अक्कांनी विचारलं.

“माझ्याकडं.”

“आणि तुम्ही?”

“घड्याळाकडं. पहिला तास सुरू व्हायचा होता.”

अक्का सूप बाजूला ठेवून गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

“चला, पानं वाढलीत.”

सरांना राग आला. एवढ्या उन्हातून आलो तो काय आमटीभात खायला? पण अक्कांपुढं बोलायची छाती कुणाची! मुकाट्यानं पंगतीला बसले.

मठाची रीत अशी, की जेवणाआधी एकानं श्लोक म्हणायचा. एकट्यानंच. तो पुरा होईपर्यंत अन्नाला कुणी हात लावायचा नाही.

त्या दिवशी पाळी मठातल्या म्हाताऱ्या तुकाप्पांची होती. मागं लकवा मारून गेला, तेव्हापासून त्यांची जीभ जड झालेली. त्यांनी सुरुवात केली. एकेक शब्द चढावर बैलगाडी चढावी तसा येत होता. आमटीची वाफ विरून गेली. पंगत हात मांडीवर ठेवून बसली होती, लहान पोरंसुद्धा.

तिसऱ्या ओळीत गाडी अडली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

सरांना श्लोक तोंडपाठ. त्यांना राहवलं नाही. त्यांनी तो शब्द खणखणीत आवाजात पुरवला.

तुकाप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. कसनुसं हसले. आणि गप्प झाले.

श्लोक काही पुढं सरकेना. वाढणारी बाई हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली.

सरांना कळेना, आपलं चुकलं काय? मदतच तर केली!

“मास्तर,” अक्का हळू आवाजात म्हणाल्या, “शब्द येतच होता की त्यांचा.”

तुकाप्पांनी श्लोक परत पहिल्यापासून धरला. सर आता खाली मान घालून बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं घरचं ताट आलं, शेजारी जेवायला बसलेली केतकी आली.

‘ब... ब...’

‘बटाटा? हा घे.’

‘म... मला...’

‘अगं, आधी श्वास घे. नीट बोल. हं, मला काय? शाळेत जायचं नाही? ते सोडून बोल.’

तिचं एक तरी वाक्य आपण कधी पुरं होऊ दिलं का? पोरांनी नक्कल केली ती आता आता. तिच्या तोंडचा शब्द तर आपण रोज काढून घेत आलो... लाज वाटली हो त्यांना. मनापासून लाज वाटली.

श्लोक संपला. पंगत जेवायला लागली. सरांनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

“अक्का, ती मुलगी... माझीच हो.”

“ठावं हाय, बाबा. तोंडावर लिवलंय तुमच्या. जेवा.”

कसेबसे चार घास खाऊन त्यांनी हात धुतले आणि अंगणात येऊन घरी फोन लावला. अक्का मागोमाग येऊन कट्ट्यावर टेकल्या.

“केतकीला दे.”

“अहो, ती बोलायची नाही,” पलीकडून बायको म्हणाली.

“नको बोलू दे. नुसता कानाला लाव तिच्या.”

जरा वेळानं लेकीचा श्वास ऐकू आला.

“केतकी, माझं चुकलं, बाळा. स्टेजवर चुकलं, घरात तर रोजच चुकलं. तुला नको वाटतंय तोवर शाळेचं नाव काढणार नाही मी.”

मग, कितीतरी दिवसांनी, तो आवाज आला.

“ब... ब...”

सवयीनं सरांचे ओठ हलले. तोंडातून ‘बाबा’ निघणार, तोच अक्कांनी आपला सुरकुतलेला तळवा त्यांच्या तोंडावर ठेवला.

...

“बा... बाबा, तु... तुम्ही जे... जेवलात का?”

अक्कांनी हात काढून घेतला.

सरांनी तोंड उघडलं. हजार माणसांपुढं न अडखळणारा माणूस! पण डोळ्यांतलं पाणी थेट गळ्यात उतरलं होतं.

“हो... ह... हो...”

पुढं शब्दच फुटेना. फोन कानाशी तसाच. पलीकडं लेक ना हसली, ना तिनं पुढचा शब्द सुचवला. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“सावकाश होऊ दे, मास्तर,” अक्का म्हणाल्या. “लेक थांबलीया.”