ढोल कुठे गेला?

पनवेलच्या सबनीसांचा तोरा भारी. नाचाच्या गाण्यांचं मिक्सिंग-मास्टरिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा शेवटचा मेळ, करावं तर आपणच, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. संगीतकार दर्शना भोपीचं हळदीचं गाणं कपाटाएवढ्या स्पीकरवर वाजवून ते गरजले, "बघ, भिंती हादरतायत! आता यात काडीचाही बदल होणार नाही."

"पण सर, लोक हे मोबाइलवर ऐकणार. तिथे ढोल असा घुमेल का?"

"मला शिकवू नकोस!"

दुसऱ्या दिवशी दर्शना परत आली. टेबलावर मोबाइल ठेवून तिने तेच गाणं लावलं. "सर, हे मिक्स कसं वाटतं?"

सबनीसांना धक्काच बसला. ही पोरगी दुसऱ्याकडे गेली? आणि असल्या माणसाकडे?

"अगं, ढोल कुठे गेला? नुसत्या माश्या घोंघावतायत! कुठल्या बहिऱ्याने केलंय हे? त्याला आधी कानाच्या डॉक्टरकडे ने!"

दर्शनाने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. कालचंच मिक्स होतं, खाली नावही सबनीसांचंच.

सबनीस एकदा मोबाइलकडे बघत होते, एकदा त्या कपाटाएवढ्या स्पीकरकडे.

"चला सर," दर्शना म्हणाली, "मी आले ती रिक्षा अजून खालीच उभी आहे."