न बुडवणारे खडक

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी वृषाली नावाची एक बाई छपाईचं छोटंसं दुकान चालवत असे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, ग्रामपंचायतीच्या नोटिसा असं सगळं काम तिच्याकडे यायचं. पण पंचक्रोशीत तिचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कामासाठी. जुन्या फॉण्टमधली फाइल नव्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसत. लोक हताश होऊन वृषालीकडे येत. ती त्या फाइलच्या पोटात शिरून, आकड्याला आकडा लावून मजकूर परत काढून देई. "फाइल मेली असं म्हणू नये. आत सगळं असतं, शोधायला वेळ द्यावा लागतो," असं ती म्हणायची.

तिचा थोरला भाऊ दिगंबर दुधाचा टेम्पो चालवायचा. रोज पहाटे घाट उतरून चाळीस कॅन डेअरीत पोचवायचे, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा परत आली, काठी टेकत चालणंही जमू लागलं. उजवा हात मात्र लुळा पडला. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम कागदावर लिहून दिले. रबरी चेंडू दाबायचा, एकेक वाटाणा उचलून वाटीत टाकायचा. दिगंबरने दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी वाटी दूर सारून तो बायकोला, नंदाला म्हणाला, "दाणे वेचायला मी काय कबूतर आहे?" त्यानंतर तो दिवसभर खिडकीशी बसू लागला. अंगणात टेम्पो ताडपत्रीखाली उभा होता. त्याच्याकडे तो बघतही नसे.

वृषालीला भावाची ही अवस्था बघवेना. लहानपणी त्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा खेळ होता. कॅसेट फुंकून आत घालायची आणि सुरू करायचं. त्यात एक नावाडी होता. नदीची सात वळणं, वळणावळणाला खडक. वल्हं वेळेवर मारलं तर नाव निसटायची, नाहीतर बुडायची. सातही वळणं पार करणारा अख्ख्या आळीत एकच, दिगंबर. पुढे ते यंत्र मोडलं आणि खेळही गेला. पण आता त्या कंपनीने आपले जुने खेळ एका तळहाताएवढ्या नव्या यंत्रात भरून पुन्हा बाजारात आणले होते. वृषालीने एक यंत्र विकत आणलं आणि भावासमोर ठेवलं.

दिगंबरच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू उमटलं. पण वल्हं मारायला उजव्या अंगठ्याने दोन बटणं एकदम दाबावी लागत. अंगठा एका बटणापर्यंत पोचेपर्यंतच नाव बुडे. पहिलं वळणही पार होईना. अर्ध्या तासाने त्याने रिमोट बाजूला ठेवला आणि तोंड फिरवलं. "घेऊन जा हे," तो म्हणाला.

वृषाली यंत्र घेऊन दुकानात आली. तिने ते संगणकाला जोडलं. आत सगळ्या खेळांची मिळून एकच भलीमोठी फाइल होती. आठ दिवस ती तिच्यात शिरत राहिली. नव्या चित्रांच्या, नव्या सुरावटींच्या थराखाली शेवटी तिला त्या जुन्या कॅसेटचीच फाइल सापडली. तीस वर्षांपूर्वी जशी होती तशीच, एक आकडाही इकडचा तिकडे न झालेली. मूळ फाइलला धक्का न लावता तिने तिची नक्कल काढली आणि नकलेत बदल करायला बसली. एक आकडा चुकला की नाव आकाशात उडे, दुसरा चुकला की नदीच नाहीशी होई. प्रत्येक बदलाआधी ती नवी नक्कल काढी. असं करत करत तिने दोन गोष्टी साधल्या. पाण्याचा वेग निम्मा केला, आणि दोन बटणांचं काम एका बटणावर आणलं. बदललेला खेळ लॅपटॉपवर घालून तिने तो भावाच्या टीव्हीला जोडून दिला.

"दादा, पाणी संथ केलंय. आणि बटण आता एकच," तिने सांगितलं.

दिगंबर खेळू लागला. आधी दिवसातून दहा मिनिटं, मग तासभर. चेंडूला न शिवणारा माणूस तेच एक बटण दिवसातून हजारदा दाबू लागला. पंधरा दिवसांत पहिलं वळण पार झालं. महिन्याने दुसरं. दिवाळीच्या सुमाराला तिसरं. तिसऱ्या वळणाच्या दिवशी त्याने उजव्या हाताने पाण्याचा पेला उचलला. अर्धं पाणी सांडलं, पण नंदा ती फरशी पुसताना रडत होती आणि हसतही होती.

चौथ्या वळणाला मात्र गाडं अडलं. तिथे तीन खडक एकापाठोपाठ एक येत. आठवडा गेला, दुसरा गेला, नाव बुडतच राहिली. दिगंबरची चिडचिड वाढली, मग चिडचिडही थांबली. एक दिवस वृषाली आली तर टीव्ही बंद आणि दादा पुन्हा खिडकीशी. त्या संध्याकाळी तिने आणखी एक आकडा बदलला. चौथ्या वळणापासून पुढे कुठलाही खडक नावेला बुडवणार नव्हता. खडकाला घासून निसटल्यासारखी नाव थोडी हलेल आणि पुढे जाईल. हा बदल तिने कोणालाच सांगितला नाही. "एकदा बघ तरी खेळून," एवढंच ती दादाला म्हणाली.

दोन दिवसांत दिगंबरने सातही वळणं पार केली.

तिसऱ्या दिवशी वृषाली भावाच्या घरी गेली, तर नंदा पेढे वाटत होती. अंगणातली ताडपत्री निघाली होती आणि टेम्पो धुऊन पुसून उभा होता. दिगंबर डाव्या हाताने काठी टेकून टेम्पोभोवती फिरत होता. त्याची मान कितीतरी महिन्यांनी ताठ झाली होती.

"आलीस? हात आला परत. सोमवारी टेम्पो काढतो," तो म्हणाला.

वृषालीच्या हातातला पेढा हातातच राहिला. "डॉक्टरीणबाईंना विचारलंस का?"

"त्या काय सांगणार? सात वळणं पार केली ना या हाताने? घाटात तरी दुसरं काय असतं?"

वृषाली घरी परतली. सांगितलं तर दादाची ताठ झालेली मान पुन्हा खाली जाईल. नाही सांगितलं तर सोमवारी पहाटे तो घाटात असेल, चाळीस कॅन पाठीशी घेऊन, आणि तिथल्या वळणांचे आकडे बदलायला कोणी नसेल. सोमवारपर्यंत वहिनीच त्याला अडवतील, अशी मनाची समजूत घालून तिने पाहिली. पण दादाच्या आनंदात नंदावहिनी त्याच्याहून आनंदी होत्या. रविवारी दुपारी वृषाली उठली आणि सरळ दादाकडे गेली.

तिने टीव्ही लावला, नाव चौथ्या वळणावर आणली आणि रिमोट टेबलावर ठेवून दिला. कोणाचाही हात लागलेला नव्हता. नाव पहिल्या खडकावर आपटली, हलली, पुढे गेली. दुसऱ्यावर आपटली, पुढे गेली. तिसऱ्यावरही तसंच झालं.

"दादा, हे मी केलंय. तुला न सांगता," ती म्हणाली. "तुझं तोंड खिडकीकडे वळलेलं मला बघवत नव्हतं. चुकलं माझं."

दिगंबर पडद्याकडे बघत राहिला. नाव आपली आपण पाचव्या वळणाला लागली होती. त्याने डाव्या हाताने टीव्ही बंद केला. "जा तू," एवढंच तो म्हणाला. सोमवारी टेम्पो निघाला नाही.

तीन दिवस दिगंबर कोणाशी बोलला नाही. नंदानेही नणंदेकडे पाठ फिरवली. "त्यांचा आनंद तुम्हीच दिलात आणि तुम्हीच काढून घेतलात, वन्सं," असं ती दारातूनच म्हणाली. वृषाली तशीच मागे फिरली. ती दुकानात बसून पत्रिका छापत राहिली, आणि दोन पत्रिकांत वराचं नाव चुकलं.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानाच्या पायरीवर काठीचा आवाज झाला. दिगंबर घरापासून इथपर्यंत चालत आला होता. घामाने सदरा भिजला होता. तो बाकावर बसला, श्वास घेतला आणि विचारलं, "तो बदल चौथ्यापासूनचा होता?"

"चौथ्यापासूनचा."

"म्हणजे पहिली तीन वळणं माझी?"

"पहिली तिन्ही तुझीच, दादा. तिथल्या खडकांना मी हात लावलेला नाही. वेग आणि बटण बदललं होतं, ते तुला आधीच सांगितलं होतं."

दिगंबरने आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खडक होते तसे कर. वेग राहू दे, बटणही एकच राहू दे. आणि ते वाटाणे कसे वेचायचे, तो कागद तुझ्या वहिनीने कुठे ठेवलाय ते विचार. तीन दिवस बोललो नाही म्हणून ती माझ्यावरही रागावली आहे."

वृषालीने प्रत्येक पायरीची नक्कल जपून ठेवली होती. खडक पुन्हा बुडवणारे करायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्यानंतर दिगंबर किती वेळा बुडाला, याची गणती नाही. सकाळी वाटाणे, दुपारी चेंडू, संध्याकाळी नाव. थंडी सरली, शिमगा झाला. चैत्रातल्या एका संध्याकाळी त्याची नाव पहिल्या खडकाला वळसा घालून गेली, दुसऱ्याला घासून गेली, आणि तिसऱ्या खडकाशी त्याचा अंगठा नेमक्या क्षणाला खाली आला. नाव चौथं वळण पार करून मोकळ्या पाण्यात आली. नंदा स्वयंपाकघरातून धावत आली. वृषाली खुर्चीवरून उठून उभी राहिली. दिगंबर मात्र शांत होता. त्याने रिमोट मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली, उघडली.

"वृषे, पाणी फार संथ आहे. वेग थोडा वाढव," तो म्हणाला.

"किती वाढवू?"

"झेपेल इतका. आणि वाढवलास की मला सांग."

तात्पर्य: आपल्या माणसाची वाट जरूर सोपी करावी, पण ती त्याला सांगून करावी. नकळत हाती ठेवलेला विजय माणसाला फसवतो, आणि स्वतःच्या बळावर गाठलेली तीन वळणं त्याला चौथ्याकडे नेतात.