पानाच्या श्वासाची साक्ष

कृतयुग अजून निम्मेही सरले नव्हते, आणि देव आपसातले तंटे मिटवण्यासाठी निःसंकोचपणे पृथ्वीवर उतरत, त्या काळची ही कथा आहे. विंध्याच्या दक्षिण उतारावर, तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगट दरीत निम्नारण्य नावाचे तपोवन होते. साग, कुसुंब, हिरडा आणि बेहडा यांच्या गर्द छायेत तिथे शंभर पर्णकुट्या होत्या. मृगांचे कळप वेदघोष ऐकत निवांत रवंथ करीत, आणि होमधूमाने सुगंधित झालेली वेलींची टोके नदीच्या पाण्यावर हेलकावत. त्या तपोवनात ऋतकेतू नावाचे मुनी आपल्या पत्नीसह राहत. पत्नीचे नाव अरणी.

ऋतकेतूंना वाक्सिद्धी प्राप्त होती. एखाद्या वस्तूविषयी ते जे बोलत, ते त्या वस्तूचे कायमचे लक्षण होऊन बसे. त्यातून त्यांच्या गोत्राचा कुलाचार एकपदी साक्षीचा: ओंजळीत पाणी घ्यायचे, एकच शब्द उच्चारायचा आणि पाणी सोडायचे. जे सत्य एका शब्दात मावत नाही त्यात असत्याची भेसळ असते, अशी त्या कुळातल्या वडीलधाऱ्यांची श्रद्धा होती. चूकसुद्धा एका शब्दात ऐसपैस मावते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आले होते एकट्या अरणीच्या. बारा वर्षांपूर्वी चैत्रात कुण्या पांथस्थाने कुटीमागच्या ओढ्याची चौकशी केली, आणि ऋतकेतूंनी मान वळवून वरवर पाहत ‘कोरडा’ एवढेच उत्तर दिले. वाळूखाली हातभर खोल पाणी वाहत होते. अरणी रोज तिथेच झरा उकरून घडा भरत असे. शब्द उमटला आणि ते पाणीही गेले. तेव्हापासून ती अर्धा कोस चालून नदीचे पाणी आणत होती. तिने कधी बोल लावला नाही. परतल्यावर घडा जरा आपटून ठेवी, इतकेच, आणि मुनी दर वेळी खाली मान घालत.

त्याच सुमारास निम्नारण्यात एक दीर्घ यज्ञसत्र आरंभले होते. शंभर कुंडे अहोरात्र धगधगत, सहस्र मुखांनी मंत्र म्हटले जात, आणि अग्नीने भोगलेला व प्राण्यांनी टाकलेला तो उच्छिष्ट वायू जड असल्यामुळे दरीच्या तळाशी साचत जाई. बाराव्या वर्षी सखल जागी ठेवलेले दिवे विझू लागले. मग नदीकाठी बसलेली तीन वासरे पुन्हा उठलीच नाहीत. तपोवनात हाहाकार झाला.

तेव्हा वायुदेवाने वरुणापुढे गाऱ्हाणे मांडले. प्राणिमात्रांचा उच्छिष्ट वायू ग्रहण करण्याची शपथ सृष्टीच्या आरंभी पानांनी घेतली होती, आणि तीच पाने आता तो वायू उलट बाहेर टाकताना त्याने स्वतः पाहिली होती. शपथ मोडणाऱ्यांना झडून जाण्याची शिक्षा व्हावी, ही त्याची मागणी. सूर्याने याला कडाडून विरोध केला, कारण त्याने पानांना आयुष्यभर तो वायू घेतानाच पाहिले होते. शपथांचा अधिपती वरुण. त्याने पंधराव्या दिवशी नदीतीरी सभा बोलावली आणि साक्षीदार म्हणून नेमले ऋतकेतूंना, कारण त्यांच्या शब्दानंतर वाद उरतच नसे.

कुटीच्या दाराशी एक सातविणीचे झाड होते. मूलबाळ नसलेल्या त्या दांपत्याने ते रोप होते तेव्हापासून लेकीसारखे वाढवले होते. मुनींनी त्याचीच एक फांदी घेतली. रुंद तोंडाच्या रांजणात स्वतःचे उच्छ्वास सोडून त्यांनी आतला वायू दूषित केला, फांदी आत ठेवली, वर अभ्रकाचे पातळ तावदान बसवले आणि कडा ओल्या मातीने लिंपून रांजण उन्हात मांडला. अपराह्णी दिवा आत सोडला तर तो स्वच्छ तेवत राहिला. शेजारच्या बिनफांदीच्या रांजणात तोच दिवा क्षणात विझला. मुनी प्रसन्न झाले आणि ‘घेते’ हा शब्द मनाशी घोकू लागले.

इतक्यात अरणीने त्यांना कोठारात बोलावले. अंगणात जागा पुरेना म्हणून एक रांजण तिने सकाळीच आत नेला होता. त्यातही फांदी होती, पण वायू मात्र निर्मळ होता. कोठारात काळोख. तिने दिवा आत सोडला, तो मिणमिणला आणि विझला. म्हणजे पानाने निर्मळ वायू दूषित केला होता. मुनींनी दिव्याकडे पाहिले, वातीकडे पाहिले, तूप हुंगून पाहिले. दोष कशातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फांदीचा आणखी एक रांजण दाट सावलीत ठेवला. तिथे तर काहीच झाले नाही. वायू जसा होता तसाच राहिला. पान ना घेत होते, ना देत होते. आता मात्र मुनींचे डोके चालेना. उन्हात घेते, अंधारात देते, सावलीत गप्प बसते. त्यांनी फांद्या बदलल्या, रांजण बदलले, दिवे बदलले, आणि उत्तरे तीच येत राहिली. आचमन किती वेळा झाले ते त्यांना आठवेना, एका प्रभाती अग्नीला द्यायची आहुती त्यांनी नदीत सोडली. चारी वेद मुखोद्गत असलेला हा महात्मा एका पानापुढे साफ बुचकळ्यात पडला होता.

चौदाव्या दिवशी ते चुलीपाशी येऊन बसले. पान सज्जन आहे की लबाड, हेच आपल्याला उलगडत नाही, असे त्यांनी कबूल केले. अरणी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

“स्वामी, उजेड आहे तोवर मी रांधते,” ती म्हणाली. “म्हणून मी कधी खात नाही, असे होते का? उन्हात पान रांधत असेल. लोकांचे उच्छिष्ट त्याची शिधासामग्री असेल. पण पोटाला तर त्यालाही लागणार, आणि ते आठही प्रहर लागणार. तेही श्वास टाकत असेल.”

“मग उन्हात तो श्वास दिसत का नाही?”

“चूल पेटली की पान टाकते त्याहून जास्त त्याला लागत असेल. टाकलेलेही तिथल्या तिथे वापरले जात असेल. सावलीत दोन्ही सारखे होत असेल. मला काय ठाऊक? मी भाकरी थापते आहे.”

मुनींना ते पटले, आणि पटताक्षणी त्यांना दरदरून घाम फुटला. ‘घेते’ म्हणावे, तर त्या क्षणापासून पान फक्त घेईल. श्वास टाकणे त्याला जमणारच नाही, आणि सूर्य मावळेतो पृथ्वीवरचे प्रत्येक पान गुदमरून मरेल. ‘देते’ म्हणावे, तर वायुदेव सारी अरण्ये उघडी करील आणि त्यामागोमाग वासरे, मृग, माणसे जमिनीला टेकतील. दोन्ही शब्द खरे होते आणि दोन्ही प्राणघातक होते. दाराशी सातवीण सात सात पानांचे झुबके हलवीत उभी होती. तिच्याकडे पाहण्याचे धाडस त्यांना होईना.

पंधराव्या दिवशी मध्याह्नी नदीतीरी सभा भरली. पाशधारी वरुण शिलासनावर विराजमान झाला. एका बाजूस गोत्रातले जटाधारी वृद्ध बसले, आणि आश्रमस्त्रियांमध्ये अरणी उभी राहिली. वायुदेव गर्जून म्हणाला, “हे जलाधिपते, मी सर्वगामी आहे, माझ्यापासून काहीही लपत नाही. अंधाराच्या आडोशाने शपथ मोडणाऱ्या या हरितवसनांना मी ओळखले आहे. माझा आरोप असत्य असेल, तर हा सत्यवादी मुनी तसे सांगो.” सूर्यबिंब वरून तळपत होते. वरुणाने ऋतकेतूंकडे पाहून फक्त मान हलवली.

मुनींनी ओंजळ भरली. ओठ उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले आणि मिटले. पाणी बोटांच्या फटींतून ठिबकू लागले, तरी शब्द येईना. आपल्याला काय माहीत आहे, काय नाही, हेच त्यांना धड कळत नव्हते. अशा वेळी माणूस आधार शोधतो. त्यांची नजर अरणीकडे गेली. तिचा हात सवयीने कमरेवर होता, जिथे बारा वर्षे ती घडा टेकवत आली होती. कोरडा ओढा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

त्यांनी ओंजळ उघडली. पाणी वाळूत सांडले.

“देवा, मला एका शब्दात सांगता येत नाही,” ते म्हणाले. “मी चौदा दिवस पाहिले आणि माझा गोंधळ वाढतच गेला. जे पाहिले ते सगळे सांगतो. ते लांब आहे, त्यात विसंगती आहे, आणि त्यातले अर्धे माझ्या पत्नीने जाणले आहे.”

गोत्रवृद्धांनी कानांवर हात ठेवले. ऋतकेतू मात्र बोलतच राहिले: रांजण, अभ्रक, ऊन, कोठार, सावली, चूल आणि भाकरी. बोलता बोलता त्यांना जाणवले की जन्मभर गळ्यात अडकून राहिलेले काहीतरी खाली उतरले आहे. वाक्सिद्धी गेली होती. त्यांचे शब्द आता इतरांच्या शब्दांसारखेच हलके होते, आणि म्हणून त्यांतल्या कुठल्याही शब्दाने पानाला इजा झाली नाही.

वरुणाने सगळे ऐकून घेतले. मग त्याने निवाडा दिला. “पानाने शपथ मोडलेली नाही. उच्छिष्ट घेण्याची शपथ होती, स्वतः श्वास न टाकण्याची नव्हती. दरी गुदमरली ती तुमच्या शंभर कुंडांमुळे. यापुढे जेवढे वन तेवढाच अग्नी पेटवा. आणि या पानांना मी वर देतो. त्यांच्या पाठीवर दृष्टीला न दिसणारी असंख्य द्वारे होतील, दोन ओठांची. बहुतकरून ती उजेडात उघडतील, अंधारात मिटतील, आणि घेणे व टाकणे त्याच दारातून होईल.”

“मग आत चाललो आहे की बाहेर, हे मला दारात कसे कळावे?” वायुदेवाने भांबावून विचारले.

“तू ये-जा कर,” वरुण म्हणाला. “न्याय करू नकोस.”

गोत्रातला सर्वांत वृद्ध ऋषी थरथरत उठला. कुलाचार मोडणाऱ्या ऋतकेतूंना त्याने गोत्राबाहेर काढले आणि शाप दिला, की यापुढे जो कुणी पानाची परीक्षा पाहील तो प्रथम तुझ्यासारखाच गोंधळेल. ऋतकेतूंनी हात जोडून शाप स्वीकारला.

ते कुटीत परतले तेव्हाही मनातला गुंता पुरता सुटला नव्हता. आपण सत्य राखले की कुळ बुडवले, हे अरणीला विचारावे म्हणून त्यांनी हाक मारली, तर पुढे निघून आलेली अरणी घरात नव्हती. ती कुटीमागच्या ओढ्याकडून आली. पाय घोट्यापर्यंत ओल्या वाळूने माखले होते आणि कमरेवर भरलेला घडा होता.

“आता तो ओढा पुन्हा कधीच आटणार...” मुनी बोलू लागले आणि घाबरून त्यांनी जीभ चावली.

“बोला खुशाल,” अरणी म्हणाली. “आता त्याला तुमचे ऐकू येत नाही.” तिने घडा अलगद खाली ठेवला.

त्या दिवसापासून प्रत्येक पान पाठीवर ती द्वारे बाळगून आहे. उन्हात ते तुमचाआमचा उच्छ्वास घेऊन रांधते, अंधारात आपल्यासारखाच श्वास टाकते, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर घटकाभर त्याचे देणे आणि घेणे सारखे होते. शापही अजून उतरलेला नाही. पान घेते की देते, असे जो विचारतो त्याला दोन उत्तरे मिळतात. तो गोंधळतो, कपाळाला आठ्या घालतो, आणि त्याने नकळत सोडलेला निःश्वास जवळचे एखादे पान मुकाट्याने आत घेते.